आधी फाटक मोजा, मग कॅमेरा निवडा: कोॲक्स, आयपी आणि वायफायचा हिशेब

माझं अर्धं काम कॅमेरे बसवण्याचं आणि अर्धं, काहीतरी घडून गेल्यावर रेकॉर्डिंग काढून देण्याचं. पहिलं काम मी दुसऱ्यामुळे शिकले. मॉनिटरसमोर चार-पाच जण दाटीवाटीनं उभे असतात, पडद्याच्या कोपऱ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात, फाटकातून एक आकृती आत येते आणि मागून कुणीतरी म्हणतं, "थांबवा, थांबवा. आता झूम करा." मी झूम करते. चेहऱ्याच्या जागी करड्या चौकोनांचं ठिगळ. "अजून करा की." अजून केलं की चौकोन मोठे होतात. मग जरा रागानंच: "अहो, पण हा फोर-के कॅमेरा आहे!"

असतो फोर-के, म्हणजे आठ मेगापिक्सेलचा, ३८४० पिक्सेल रुंद. खोटं कुणी सांगितलेलं नसतं. पण घेताना सगळा वेळ कॅटलॉग बघण्यात गेलेला असतो आणि फाटक कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून "आयपी चांगला की एचडी, वायफाय चालेल का" असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारते: उद्या काही झालं तर या फुटेजमधून तुम्हाला काय काढायचंय? अनोळखी माणसाचा चेहरा, गाडीचा नंबर, की शटर किती वाजता उघडलं एवढंच? उत्तर प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळं असतं. ते एका कागदावर लिहून काढा. पुढची सगळी तुलना त्या कागदाशी करायची आहे.

मेगापिक्सेलच्या आधी मीटर

आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडले तर काय दिसेल, याचे आकडे दिले आहेत. मीटरला २५ पिक्सेल पडले तर तिथे माणूस आहे एवढं कळतं. ६२ च्या आसपास कपडे, चालणं, हातातली पिशवी दिसते. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखता येतो. आणि कधी न पाहिलेल्या माणसाचा चेहरा खात्रीनं सांगायचा तर २५० लागतात.

आता गणित करू. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. भागिले २५०, म्हणजे ७.६८ मीटर. कॅमेऱ्याला त्या अंतरावर याहून रुंद पट्टा दिसत असेल, तर अनोळखी चेहरा हातचा गेला. या वर्गातला नेहमीचा सेन्सर १/२.८ इंची असतो, त्याची रुंदी साधारण ५.६ मिलिमीटर. त्यावरून मी स्वतःपुरता एक आडाखा बांधलाय: लेन्स जितक्या मिलिमीटरची, त्याला १.४ नं गुणायचं, येतील तितक्या मीटरपर्यंत चेहरा मिळतो. २.८ च्या लेन्सला जेमतेम ४ मीटर. ४ च्या लेन्सला साडेपाच. ६ ला सव्वाआठ, १२ ला साडेसोळा. रुंद लेन्स कडांना चित्र ओढते, त्यामुळे हा अंदाजच, पण कामाला येतो.

एका गोदामाच्या फाटकावर २.८ लेन्सचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, फाटकापासून ११ मीटरवर. मीटरला ८८ पिक्सेल पडत होते. मालकांचं म्हणणं, फोर-के लावून टाका. त्याच लेन्सचा फोर-के लावला असता तर आकडा १७५ झाला असता, म्हणजे अजूनही चेहऱ्याला कमीच. मी तोच दोन मेगापिक्सेल ठेवला आणि लेन्स ८ ची घेतली: मीटरला २५०. चित्रात आता अंगण दिसत नाही, फक्त फाटक आणि त्यातून येणारा माणूस दिसतो. अंगणासाठी वेगळा रुंद कॅमेरा आहेच. दोन्ही कामं एका कॅमेऱ्याकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात, आणि माझ्या अनुभवात फसलेल्या दहातल्या आठ जागा याच एका कारणानं फसलेल्या असतात.

उंचीचंही सांगून टाकते. चोर काढून नेईल म्हणून कॅमेरा छतालगत लावतात आणि मग सगळ्या फुटेजमध्ये टोप्या आणि टकलं दिसतात. चेहऱ्याचा कॅमेरा अडीच मीटरच्या आसपास हवा.

कोॲक्सवरची भाऊबंदकी

जुने ॲनालॉग कॅमेरे कोॲक्सवर, म्हणजे केबल टीव्हीच्या तारेसारख्या गोल तारेवर चालायचे. त्यांच्या खोक्यावर "७०० टीव्ही लाइन" असं ठळक छापलेलं असायचं. पलीकडचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं यंत्र, मात्र बऱ्याचदा ३५२ बाय २८८ वर रेकॉर्ड करायचा, फार तर ७०४ बाय ५७६ वर. लाइव्ह चित्र बरं आणि प्लेबॅक भिकार, हे गौडबंगाल मला बरेच दिवस उलगडलं नव्हतं.

एचडी आलं ते आधी एसडीआयच्या रूपानं, टीव्ही स्टुडिओतून उचललेलं. न दाबलेलं चित्र, सेकंदाला १.४८५ गिगाबिट. दिसायला अप्रतिम, पण चांगल्या तारेवरही शंभरेक मीटरपलीकडे दमायचं, आणि जुन्या तारेतला एक बीएनसी (कोॲक्सच्या टोकाचा जोड) ढिला असला तरी चित्र गायब. जुन्या तारा न बदलता एचडी देतो म्हणणारं तंत्र जुन्या तारांनाच घाबरत होतं. महागही होतं. त्यामुळे ते कोपऱ्यात गेलं.

मग २०१२ मध्ये दाहुआनं सीव्हीआय आणलं. पाठोपाठ टेकपॉइंटचं टीव्हीआय आणि कोरियाच्या नेक्स्टचिपचं एएचडी. तिघांची युक्ती एकच: एचडी चित्र ॲनालॉग रूपातच पाठवायचं, म्हणजे जुनी आरजी-५९ जातीची कोॲक्स पुरते आणि ७२० ओळींच्या चित्राला शेकडो मीटर पल्ला मिळतो. तीन भाऊ, तिघांची तोंडं तीन दिशांना. एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या डीव्हीआरवर लागायचा नाही. भांडण सोडवलं डीव्हीआरवाल्यांनी: सगळ्यांचे सिग्नल घेणारी पाचमुखी यंत्रं बाजारात आली आणि कॅमेऱ्याच्या शेपटीवर मोड बदलायचं बटण आलं. त्यामुळे आज यांतलं कोण श्रेष्ठ याचा विचार करण्यात वेळ घालवू नका. नवा कॅमेरा लावल्यावर चित्र काळंपांढरं किंवा लोळणारं आलं, तर बहुधा मोड चुकलाय. शेपटीवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, मोड बदलून बघा, मगच कॅमेरा खराब आहे म्हणा.

आयपी कॅमेरा, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चित्र पाठवणारा, याआधीच जन्मला होता. ॲक्सिसचा नेटआय २०० हा पहिला नेटवर्क कॅमेरा १९९६ चा. त्याला दिवस आले ते दोन गोष्टींमुळे. २००३ मध्ये पीओईचं पहिलं मानक आलं, म्हणजे चित्र नेणाऱ्या तारेतूनच वीज, पोर्टला १५.४ वॉट. आणि २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ सुरू केलं, म्हणजे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या एनव्हीआरशी (आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरशी) बोलू लागला.

वीज वेगळी न्यावी लागली की काय होतं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका कामात मी ॲनालॉग एचडी कॅमेरा कॅट-५ तारेच्या, म्हणजे चार जोड्यांच्या नेटवर्क तारेच्या शेवटी लावला. एका जोडीतून बलून नावाचा छोटा जोडतुकडा लावून चित्र, एका जोडीतून १२ व्होल्ट, अंतर ६० मीटर. दिवसा झकास. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, रात्री कॅमेरा बंद पडतो. गेले, बघितलं, चालू. बीएनसी बदलले. पुन्हा तक्रार. अ‍ॅडॅप्टर बदलला. पुन्हा तक्रार. चौथ्या खेपेला मी अंधार पडेपर्यंत शिडीवर मीटर लावून बसले. उजेड होता तोवर कॅमेऱ्यापाशी साडेदहा व्होल्ट. अंधारलं, कॅमेऱ्यात आयआर (इन्फ्रारेड) फिल्टरचा टक् आवाज झाला, लाल दिवे लागले आणि मीटर सातवर कोसळला. कॅमेरा बंद. बंद झाला की भार गेला, व्होल्ट परत वर, कॅमेरा सुरू, अंधार दिसला, टक्, दिवे, बंद. रात्रभर हाच खेळ. त्या बारीक जोडीचा जाऊन-येऊन रोध १० ओहमच्या घरात होता. दिवसाच्या दीडशे मिलिअँपिअरला तो दीड व्होल्ट खायचा, रात्रीच्या अर्ध्या अँपिअरला पाच. रिकाम्या दोन जोड्या विजेच्या जोडीला समांतर जोडल्या आणि प्रश्न संपला. पीओई ४८ व्होल्टच्या आसपास चालतं, त्यामुळे तेवढ्याच वॉटला प्रवाह चौथाई लागतो आणि हे दुखणं सहसा उद्भवत नाही.

तर निवड अशी. भिंतीत धडधाकट कोॲक्स आधीच असेल, कॅमेरे आठाच्या आत असतील आणि फक्त चित्र सुधारायचं असेल, तर ॲनालॉग एचडी घ्या आणि खुशाल राहा. तिथे चित्राला उशीर होत नाही, आयपी पत्ते जुळवायची भानगड नाही. पण नवी तार टाकायची असेल तर कोॲक्स टाकू नका, कॅट-६ टाका. शंभर मीटरची मर्यादा लक्षात ठेवा. त्यापलीकडे, आणि दोन इमारतींच्या मध्ये, फायबर. तांब्याची तार दोन इमारतींत ओढली की पावसाळ्यात वीज कडाडते आणि सकाळी नेटवर्कच्या स्विचसकट सगळं मेलेलं असतं.

तार घेताना ब्लेडनं एक वाहक खरवडा. आत चंदेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम आहे. परत करा. पीओईला ते धार्जिणं नाही, टोकाला जोड दाबून बसवताना तुटतं आणि दोन-चार वर्षांत सांधे कुजतात.

बिनतारी म्हणजे किती बिनतारी

बॅटरीवाले सोडले तर वायफाय कॅमेऱ्यालाही विजेची तार लागतेच. म्हणजे तार टाकायची ती टाकाच, आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरशी २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीत भांडा. एक-दोन कॅमेऱ्यांना, भाड्याच्या जागेत, ठीक. घ्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या जागी फोन धरून दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. कॉल अडखळला तर कॅमेराही अडखळणार. शिवाय मेमरी कार्ड असलेलाच घ्या, कारण वायफायवरचा कॅमेरा बाहेरून तोडता येतो. जुन्या सुरक्षेच्या वायफायवर जोडणी तोडण्याचा खोटा संदेश कुणीही पाठवू शकतं. डब्ल्यूपीए-३ या नव्या वायफाय सुरक्षेत ही फट बुजवली आहे, पण कॅमेरा आणि राउटर दोघांनाही ते यायला हवं.

बॅटरीवाले कॅमेरे माणसाची उष्णता जाणवली की जागे होतात. जागं व्हायला क्षणभर लागतो. माझ्याकडे अशा कॅमेऱ्यांची फुटेजं आहेत ज्यांत फक्त पाठी आहेत. माणूस कॅमेऱ्याकडे चालत येणार असेल तर चालून जातं, समोरून आडवा जाणार असेल तर नाही.

फोर-जी आणि सौर पॅनेल ही जोडी मात्र शेतात, बांधकामावर, जिथे काहीच नाही तिथे खरोखर उपयोगी. डेटाचा हिशेब करा: २ मेगाबिटनं सतत पाठवलं तर दिवसाला २१.६ जीबी होतात. म्हणून रेकॉर्डिंग कार्डावर, आणि सिमवरून फक्त घटना व मागितलेलं चित्र.

खरी परीक्षा रात्री

दिवसा सगळेच कॅमेरे चांगले. दुकानातला डेमो लख्ख उजेडात, स्थिर वस्तूंवर असतो. तिथे निवड करू नका.

अंधारात तीन गोष्टी भांडतात: पिक्सेलचा आकार, लेन्सचं तोंड आणि शटर. १/२.८ इंची सेन्सरवर दोन मेगापिक्सेल बसवले तर एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा येतो. त्याच आकारात फोर-के कोंबलं तर १.४५ चा. बाजू निम्मी म्हणजे क्षेत्रफळ पाव, आणि प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याचा प्रकाशही पाव. स्वस्त फोर-के रात्री दोन मेगापिक्सेलपेक्षा वाईट दिसतो त्याचं कारण हे. फोर-के घ्यायचाच असेल तर सेन्सरचा आकार विचारा. १/१.८ इंची किंवा त्याहून मोठा असेल तर पुढे बोला.

लेन्सचं तोंड एफ आकड्यानं मोजतात, आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. एफ २.० च्या तुलनेत एफ १.० मधून चौपट प्रकाश आत येतो. रात्री रंगीत चित्र देणारे कॅमेरे बरेचसे या तोंडाच्या आणि एका पांढऱ्या दिव्याच्या जिवावर उभे आहेत. रंग मिळाला तर साक्षीत फरक पडतो. "गडद कपडे" आणि "मरून शर्ट" यांत खूप अंतर आहे. मात्र मोठ्या तोंडाला फोकसची खोली कमी मिळते, आणि पांढरा दिवा कुणाच्या खिडकीवर पडला की भांडण ठरलेलं.

शटरचा डाव सगळ्यात फसवा. कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडं ठेवून अंधारातही उजळ चित्र देतो. भिंत छान, कुंडी छान. पण चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये साडेपाच सेंटिमीटर सरकतो. नाक, डोळे, तोंड एकमेकांत मिसळतात. १/१०० ला तेच दीड सेंटिमीटरच्या आत येतं. चित्र काळोखं होईल, पण चेहरा राहील.

आयआर दिव्यांत ८५० नॅनोमीटरचे मिणमिण लाल दिसतात आणि लांब पोचतात. ९४० चे दिसत नाहीत, पण सेन्सरलाही कमी जाणवतात, त्यामुळे पल्ला घटतो. दोन्हींकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि काचेसमोरचं एक जाळं रात्रभर हलत राहून हार्ड डिस्क भरतं. म्हणून मी बाहेरच्या जागी जमेल तिथे आयआर दिवा कॅमेऱ्यापासून मीटरभर दूर, वेगळा लावते.

थर्मल कॅमेरा मोठ्या कुंपणासाठी उत्तम: मिट्ट काळोखात, धुरात, झुडपाआडचा माणूस उठून दिसतो. चेहरा मात्र कधीच मिळणार नाही, आणि काचेच्या आडून त्याला काही दिसत नाही. खिडकीच्या आत लावलात तर तुम्हाला खिडकी दिसेल.

आता परीक्षा कशी घ्यायची ते. तुलनेतले दोन कॅमेरे एकाच दांडीला शेजारी बांधा, दोन्हींचा कोन सारखा करा. रात्री, तिथे नेहमी असतो तेवढ्याच उजेडात, एका माणसाला ठरलेल्या अंतरावरून नेहमीच्या चालीनं समोरून आणि मग आडवं चालायला सांगा. हातात एक छापील कागद द्या, त्यावर बोटभर उंचीची अक्षरं. पुन्हा एकदा हेच, मागून गाडीच्या दिव्याचा झोत टाकून. मग लाइव्ह चित्र बघूच नका. रेकॉर्डिंग काढा, थांबवा आणि त्या एका फ्रेमवर भांडा. मी हे गिऱ्हाइकासमोर करते. वीस मिनिटं लागतात आणि कॅटलॉग पुन्हा कुणी उघडत नाही.

डिस्कचं पाढ्याचं गणित

सेकंदाला ४ मेगाबिट म्हणजे दिवसाला ४३.२ जीबी. चार कॅमेरे, तीस दिवस: ५,१८४ जीबी. म्हणजे ६ टीबीची डिस्क. सर्व्हेलन्सचीच घ्या, संगणकाची नको. चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतींपैकी एच.२६४ हे २००३ चं आणि एच.२६५ हे २०१३ चं. दुसरं साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवतं. "स्मार्ट" किंवा "प्लस" लावलेले प्रकार शांत दृश्यात आणखी वाचवतात, पण गर्दी झाली की बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट याची, वरची मर्यादा आडवी येते आणि नेमक्या झटापटीच्या वेळी चित्राचा चिखल होतो. म्हणून मी चेहऱ्याच्या कॅमेऱ्यावर ते बंद ठेवते, बाकीच्यांवर चालू.

आणि घड्याळ. रेकॉर्डर इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्या. सतरा मिनिटं पुढे असलेल्या डीव्हीआरवरून घटना शोधायला मला एकदा सबंध दुपार लागली होती.

कॅमेऱ्यातली अक्कल

आधीच्या पिढीचं मोशन डिटेक्शन म्हणजे पिक्सेल बदलले की बोंब. झाडाची सावली, पाऊस, मांजर, सगळ्यांना सारखा मान. आताचे कॅमेरे आतल्या चिपवरच माणूस आणि वाहन वेगळे काढतात, आणि ही सुधारणा मला मेगापिक्सेलच्या सगळ्या शर्यतीपेक्षा मोलाची वाटते. एका रात्रीत चाळीस खोटे इशारे आले की तिसऱ्या दिवशी माणूस फोन म्यूट करतो, आणि चौथ्या दिवशी कॅमेरा असून नसल्यासारखा. शिवाय तीस दिवसांतून "माणूस, फाटक, रात्री १ ते ४" असं शोधता येणं म्हणजे माझी दुपार वाचली.

चेहरा ओळखण्याच्या दाव्यांना मात्र मी लगेच भुलत नाही. वर सांगितलेले २५० पिक्सेल नसतील तर ओळखणार कशावरून? रात्रीचं चित्र न्यूरल पद्धतीनं स्वच्छ करणाऱ्या चिपा आल्या आहेत, दिसतं छान. पण अति साफ केलेल्या चित्रात चालत्या माणसामागे भुतासारखी सावली येते आणि चेहऱ्यावरचा तपशील पुसला जातो. तपासाला दाणेदार खरं चित्र बरं.

कुलूप आणि किल्ली

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट काही तास पाडल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांच्या ते गावीही नव्हतं. ब्रिटननं २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी घातली. युरोपीय संघाच्या सायबर कायद्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यात सुरक्षेचे अपडेट देत राहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तुलना करताना म्हणून एक ओळ वाढवा: फर्मवेअरचा (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचा) शेवटचा अपडेट कधीचा, आणि पुढे किती वर्षं मिळेल? राउटरवर पोर्ट उघडून रेकॉर्डर इंटरनेटवर टांगू नका, व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाट, वापरा.

दुसरी ओळ ऑनव्हिफची. खोक्यावर नुसतं नाव असून भागत नाही, प्रोफाइल बघा. एस मध्ये चित्र मिळतं, टी मध्ये एच.२६५, एम मध्ये कॅमेऱ्यानं ओळखलेल्या माणूस-वाहनाची माहिती. खात्री करायची तर कॅमेरा विकणाऱ्याच्या ॲपशिवाय, संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी (थेट चित्राचा) पत्ता टाकून चित्र येतं का बघा. नाही आलं तर तो कॅमेरा त्याच कंपनीच्या क्लाउडशी लग्न लावून आलाय. क्लाउड वाईट नाही, रेकॉर्डरच चोरीला गेला तर तोच वाचवतो. पण वर्गणी थांबली की काय उरतं, हे आधीच विचारा.

पुढे कशाला भविष्य आहे

कोॲक्सवरचं तंत्र लगेच मरणार नाही, कारण जगभर भिंतींत तार पडून आहे. पण नवी हुशारी आधी आयपीत येते आणि कोॲक्सवर तिची उरलीसुरली पोचते, हे मी गेली बरीच वर्षं बघतेय. घरगुती कॅमेऱ्यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये स्मार्ट घरांच्या मॅटर या मानकाच्या १.५ आवृत्तीनं एक सामायिक भाषा दिली. ती कंपन्या खरोखर बोलल्या, तर आपल्याच कंपनीच्या ॲपशी बांधून राहायची वायफायवाल्यांची सगळ्यात मोठी खोड जाईल. तारांच्या एकाच जोडीवर चालणारं इथरनेट (तारेवरचं नेटवर्क) माझ्या नजरेत आहे: २०१९ च्या मानकानुसार एकाच जोडीवर १,००० मीटरपर्यंत सेकंदाला १० मेगाबिट. दोन चांगले कॅमेरे त्यात बसतात. लांब कुंपणाला कोॲक्स वापरायचं शेवटचं सबळ कारण यानं संपेल, असा माझा होरा आहे. खोटे व्हिडिओ बनवणं सोपं झाल्यामुळे कॅमेऱ्यातच चित्रावर डिजिटल सही करण्याला मोल येईल. सध्या अशा कॅमेऱ्याला कुणी जास्त पैसे देत नाही, पण पुरावा म्हणून फुटेज वापरायची वेळ येणार असेल तर मी आताच तो घेईन. मेगापिक्सेलची शर्यत मात्र लेन्स आणि पिक्सेलच्या आकारापाशी येऊन अडकली आहे. आठ मेगापिक्सेलच्या वरचे आकडे मी मोठ्या चौकांशिवाय कुठे सुचवत नाही.

जुनी जागा आयपीवर न्यायची ठरली, तर भिंत फोडायच्या आधी एक करून बघा. जुनी कोॲक्स पाइपात मोकळी सरकते का ते दोन्ही टोकांकडून ओढून पाहा. सरकत असेल तर तीच तुमची ओढतार. तिच्या टोकाला कॅट-६ तिरकी कापून, जोड निमुळता होईल अशी टेपनं गुंडाळा, वर थोडी साबणाची पूड चोळा, आणि एकानं पलीकडून ओढायचं, एकानं अलीकडून सोडायचं. झटका द्यायचा नाही. कोॲक्स बाहेर येईल तशी तार आत जाते. त्याच जोडाला नायलॉनची एक दोरीही बांधा आणि ती दोन्ही टोकांना गाठ मारून पाइपातच राहू द्या.